वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये रोज शेकडो विचित्र रिक्वेस्ट्स दिसतात, बहुतेक ४०४. यातला खरा हल्ला कसा ओळखायचा? हे सगळे आयपी ब्लॉक करू का?

करायचे तर करा, पण त्याने फार काही साधलं असं समजू नका. डॉट ईएनव्ही (पासवर्ड, कीज ठेवायची फाइल), डब्ल्यूपी-लॉगिन (वर्डप्रेसचं लॉगिन पान), पीएचपीमायअ‍ॅडमिन (डेटाबेस हाताळायचं पान) मागत फिरणारे ते सगळे बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम. तुमच्याकडे वर्डप्रेस आहे की नाही हेसुद्धा त्यांना माहीत नसतं. ४०४ म्हणजे मागितलं आणि मिळालं नाही. कुणाला काय मिळालं, ते बघा.

एवढ्या तावातावाने लिहितोय कारण जुन्या नोकरीत आमचे एक साहेब होते. रोज सकाळी ४०४ मोजायचे. आयपींची एक्सेल शीट, देशानुसार रंग, आणि मीटिंगमध्ये चार्ट: 'एवढे हल्ले परतवले.' परतवले कुणी? ती फाइलच आपल्याकडे नव्हती! पण बोलायची सोय नव्हती.

मग एका क्लायंटची तक्रार आली, की गूगलवर त्यांची साइट शोधली की भलत्याच औषधांच्या जाहिराती दिसतात. साहेबांनी शीट उघडली. मी ग्रेप (मजकुरात शोधायची कमांड) लावून ४०४ सगळे उडवले आणि २०० म्हणजे 'मागितलं ते मिळालं' असं उत्तर गेलेल्या फक्त पोस्ट (सर्व्हरला माहिती पाठवणाऱ्या) रिक्वेस्ट ठेवल्या. उरलं काय, तर लॉगिन, संपर्काचा फॉर्म आणि अपलोडच्या फोल्डरमधली एक पीएचपी फाइल. पीएचपी म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, फोटो ठेवायच्या फोल्डरात त्याचं काय काम? आणि तिथे पोस्ट कोण करतंय? ओळी नीट बघितल्या. रेफररच्या, म्हणजे आधी कुठल्या पानावर होता त्याच्या, जागी नुसती आडवी रेघ. त्या आयपीने आगेमागे एकही सीएसएस किंवा चित्र मागितलेलं नाही. माणूस ब्राउझरने आला तर या गोष्टी आपोआप मागितल्या जातात. उत्तराचा आकार एरवी जेमतेम काही बाइट, मध्येच एकदम फुगलेला.

साहेब म्हणाले, "अरे, यूजर एजंट क्रोम आहे, कस्टमर असेल." यूजर एजंट म्हणजे ब्राउझरची ओळख, ती येणारा स्वतः लिहितो हो! उद्या तो 'गूगलबॉट' (साइट वाचत फिरणारा गूगलचा बॉट) लिहील. त्या आयपीचं रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपीवरून नाव, काढा, मिळालेलं नाव गूगलचंच आहे ना बघा, ते परत त्याच आयपीवर येतं का तपासा, मग विश्वास ठेवा.

ती फाइल लॉगमध्ये पहिल्यांदा कधी आली ते शोधलं. त्याच्या जरा आधी एका जुन्या प्लगइनच्या अपलोडच्या पत्त्यावर पोस्ट, २००, वेगळ्याच आयपीवरून. तो आयपी साहेबांच्या शीटमध्ये नव्हता. त्याला एकदाही ४०४ मिळाला नव्हता, मग शीटमध्ये येणार कुठून?

बाकी खुणा तुम्हाला माहीत असतील: पत्त्यात '../' (एक फोल्डर वर जा) किंवा त्याचंच '%२ई%२ई%२एफ' असं वेषांतर, 'युनियन सिलेक्ट' ही डेटाबेसला द्यायची एसक्यूएल आज्ञा, एकाच पत्त्यावर अचानक ५०० (सर्व्हरमधली चूक) चा सपाटा. नुसता पत्त्याचा रकाना वाचून भागत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेल, म्हणजे लॉगफोरजे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतलं भगदाड, उघड झालं तेव्हा बाहेरून कोड आणवणारी जेएनडीआयची ओळ लोक यूजर एजंटमध्येच घालून पाठवत होते, कारण लॉगफोरजे जे लॉग करायचं त्यातलीच सूचना पाळायचं. आणि पोस्टमध्ये आत काय पाठवलं ते नेहमीच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये येतच नाही. लॉगिनच्या फॉर्ममधून एसक्यूएल घुसवलं तर लॉगमध्ये ओळ साधीच दिसणार.

आता, २०० म्हणजे घात झालाच असंही नाही. रिअ‍ॅक्टसारख्या साइट्स बऱ्याचदा कशालाही २०० देऊन होमपेज पाठवतात, म्हणून आकार ताडून बघा. पुढे सीडीएन (साइटच्या पुढे उभं राहून पानं वाटणारी सेवा) असेल तर लॉगमध्ये त्याचाच आयपी दिसतो, तो ब्लॉक केलात तर स्वतःचीच साइट बंद पाडाल. आणि ब्लॉक करणं अगदीच फुकट असतं असं नाही. लॉगिनवर कुणी पासवर्ड आपटत बसला असेल तर फेलटूबॅन (वारंवार चुकणारे आयपी आपोआप ब्लॉक करणारा प्रोग्राम) चांगलं काम करतं. तेवढ्यापुरतं साहेबांचं बरोबर होतं. लॉगची प्रत मात्र दुसऱ्या मशीनवर जाऊ द्या, आत शिरलेला माणूस इथली पुसू शकतो.

डॉट ईएनव्हीला २०० गेलेला दिसला आणि आकार तुमच्या खऱ्या फाइलएवढा असला, तर विश्लेषण नंतर. आधी ती फाइल बाहेरून बंद करा आणि डेटाबेसचा पासवर्ड, एपीआयच्या कीज, सगळं बदला.