आबांची वारी, गिरणी आणि गोवा... एकाच पुस्तिकेत कसं बसवू?

प्रश्न : नमस्कार ताई, आमचे आबा म्हणजे आजोबा मागच्या वर्षी गेले. माळकरी होते, माऊलींच्या पालखीबरोबर चालायचे. तरुणपणी परळला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते, त्याच्याही आधी ५५ साली गोव्याच्या सत्याग्रहाला गेलेले आणि पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्लेला, असं आम्हा नातवंडांना सांगायचे. वर्षश्राद्धाला त्यांच्यावर छोटी पुस्तिका काढायचीये. थोरले काका म्हणतात फक्त वारीचं लिही, बाकीच्याला पुरावा कुठंय? आजी आहे पण तिला साल-तारीख काही आठवत नाही. मला तर सगळेच आबा हवेत. सुरुवात कुठून करू?
(एक नात, जि. सातारा)

उत्तर : अगं, आधी काकांवर चिडू नकोस. त्यांचे वडील गेलेत, आणि छापलेल्या एखाद्या वाक्यावरून उद्या गावात कुणी आबांना खोटं पाडू नये एवढंच त्यांना वाटतंय. पण मी तुझ्या बाजूची आहे. फक्त वारी लिहिलीस तर ती कुठल्याही माळकरी आजोबांची पुस्तिका होईल. विशीतला पोरगा हातात काठीसुद्धा न घेता बंदुकांसमोर चालत गेला आणि तोच माणूस पुढे ऊनपावसात पंढरीची वाट चालला, मला यात दोन वेगळी माणसं दिसतच नाहीत गं. नुसतं चालत जायचं आणि पुढचं विठ्ठलावर सोडायचं, हे त्यांच्यात तेव्हाही असणार.

सुरुवात आजीपासून, आणि याच आठवड्यात कर. साल विचारूच नकोस. कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे आबा गावी होते का मुंबईला असं विचार, म्हणजे तुला ११ डिसेंबर १९६७ मिळाला. बहात्तरच्या दुष्काळात घरात मिलो, म्हणजे रेशनची लाल ज्वारी यायची का, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी कोण आणायचं, तेव्हा धाकटी आत्या चालत होती का मांडीवर होती, असं विचारत गेलीस की साल आपोआप लागतं. फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेव आणि आजी मधेच भलतीकडे वळली तरी थांबवू नकोस, खरं काय ते तिथंच सापडतं.

गिरणीचे कागद बहुतेक घरातच असतील. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे अर्ज करताना लोकांनी ट्रंका उपसून लाल पास, तिकीट नंबर, फंडाची पावती, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड असं सगळं शोधलं होतं, तुमच्याकडेही कुणीतरी अर्ज केला असेल तर ती फाईल बघ. त्या लाल पासवर नाव, खातं, नंबर दिसला की काकांचा निम्मा प्रश्न मिटेल. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला त्यानंतर घर कसं चाललं, आबा गावी कधी आले, हे मात्र काकांनाच विचार. त्या वयाच्या मुलाने बापाला रिकाम्या हाताने परत आलेलं पाहिलं असेल तर त्यावर ते आजवर कुणाशी बोललेच नसतील. त्यांचा एक भाग त्यांच्याच शब्दांत छाप, पुस्तिका त्यांचीही होईल.

आता गोवा. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो सत्याग्रही वेगवेगळ्या ठिकाणांहून आत शिरले, बांद्याच्या पुढे पत्रादेवीला गोळीबार झाला, पंजाबचे सत्याग्रही कर्नेलसिंग तिथेच मारले गेले, आणि कितीतरी जणांना बेदम मारून परत सरहद्दीवर आणून सोडलं. आबा कुठल्या वाटेने गेले, पुण्याहून का सावंतवाडीकडून, बरोबर गावातलं कोण होतं, हे त्यांच्या बोलण्यातून काय आठवतंय ते भावंडांनी मिळून लिहून काढा, नुसता एखादा नाल्याचा किंवा जेवणाचा उल्लेख असला तरी. मग मोठ्या ग्रंथालयात ऑगस्ट ५५ चे केसरी, सकाळ, लोकसत्ताचे अंक बघायला माग. नाव सापडलं तर उत्तम, नाही सापडलं तरी वगळू नकोस, इतक्या सगळ्यांची नावं कुठून छापून येणार? तिथे सरळ 'आबा सांगायचे' असं लिही. हे काकांनाही पटेल, कारण त्यात खोटं काहीच नाही.

आणि वारीचं लिहिताना 'परमभक्त होते' एवढ्यावर उरकू नकोस प्लीज. दिंडी कितव्या नंबरची, रथापुढची का रथामागची? टाळ होता का पताका? नीरा स्नानाला कुठे उभे राहायचे, चांदोबाच्या लिंबाला रिंगण झालं की अश्वाच्या टापाखालची माती कपाळाला लावून घरी आणायचे का? दिंडीतले जुने विणेकरी असतील त्यांना फोन कर, त्यांना आबांचा आवडता अभंग आणि कुठल्या मुक्कामाला पाय सुजले होते तेही सांगता येईल.

चाळीसेक पानं पुष्कळ झाली. टाइप मोठा ठेव, चष्मा लावूनही बारीक दिसत नाही या वयात. आणि छापायला देण्याआधी सगळी पानं आजीला मोठ्याने वाचून दाखव, ती जिथे 'असं नव्हतं गं' म्हणेल तिथे बदल.