वाचकांचे प्रश्न : सकाळी रुसणारा इन्व्हर्टर

प्रश्न : आमच्या गच्चीवर 12 सौर पॅनेलची एकच स्ट्रिंग (एकामागोमाग जोडलेली माळ) आहे. पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टर इन्सुलेशनचा दोष दाखवून बंद राहतो आणि दहा-साडेदहाला आपोआप सुरू होतो. सगळी पॅनेल उतरवावी लागतील, असे तंत्रज्ञ म्हणतात. ते खरोखर आवश्यक आहे का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : बहुधा नाही. ओल असताना पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या डीसी (एकदिश प्रवाहाच्या) वायरिंगमधून कोठेतरी जमिनीकडे गळती होते आणि उन्हाने ती जागा वाळली की थांबते, असे तुमच्या वर्णनावरून दिसते. अशा वेळी तंत्रज्ञाला दुपारी बोलावणे म्हणजे ताप उतरल्यावर रोग्याला दवाखान्यात नेणे होय. त्यांना सकाळी, दोष दिसत असतानाच बोलवा.

इन्व्हर्टर बंद करून आणि डीसी आयसोलेटर (पॅनेल व इन्व्हर्टर यांची जोडणी तोडणारा स्विच) बंद स्थितीत नेऊन स्ट्रिंगची धन व ऋण टोके मोकळी केल्यावर मल्टिमीटरने तीन मापे घ्यावी लागतात : दोन टोकांमधील, धन टोक ते अर्थिंग आणि ऋण टोक ते अर्थिंग. समजा, ही मापे अनुक्रमे 480, 320 आणि 160 व्होल्ट आली. म्हणजे प्रत्येक पॅनेलच्या वाट्याला 40 व्होल्ट येतात, आणि 160 ला 40 ने भागल्यावर 4 येत असल्याने गळती ऋण टोकाकडून चौथ्या व पाचव्या पॅनेलमधील जोडावर आहे, असे धरता येते. 160 ऐवजी 140 आले असते, तर संशय चौथ्या पॅनेलवरच, म्हणजे त्याच्या जंक्शन बॉक्सवर (मागे असलेल्या, वायर जोडण्याच्या डबीवर) किंवा मागच्या आवरणावर गेला असता. ऋण टोकाचे माप जवळजवळ शून्य आणि धन टोकाचे पूर्ण आले, तर इन्व्हर्टरकडे उतरणारी ऋण केबल तपासावी. अर्थिंगशी घेतलेली दोन्ही मापे हळूहळू शून्याकडे घसरली, तर त्या क्षणी गळती नाही. गळती एकाहून अधिक ठिकाणी असेल, तर मात्र हे गणित फसते.

पॅनेल मोजताना ती रचलेल्या क्रमाने नव्हे, तर वायर ज्या क्रमाने फिरली आहे त्या क्रमाने मोजावीत. पुष्कळदा चूक येथेच होते. या गणिताने दाखवलेल्या जागी पत्र्यावर साचलेल्या पाण्यात लोळणारा कनेक्टर, क्लॅम्पखाली चेंगरलेली किंवा उंदराने कुरतडलेली केबल सापडण्याची शक्यता असते.

हे काम तुम्ही स्वतः करू नका. इन्व्हर्टर बंद असला तरी उजेडात स्ट्रिंगवर शेकडो व्होल्ट असतात, दोष असताना पॅनेलच्या चौकटीवरही भरवसा ठेवता येत नाही, आणि प्रवाह चालू असताना कनेक्टर ओढल्यास डीसीची ठिणगी सहजासहजी विझत नाही.