सरकारला कांदा सांभाळता येत नाही, मग अख्खं जग गुपचूप कोण चालवतंय?

"मावशी, मी ३८ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. धाकटा भाऊ इंजिनियर, २०२१ ला नोकरी सोडून निफाड तालुक्यात आमच्या शेतीवर परत गेला. डिसेंबर २०२३ ला त्याचा लाल कांदा काढणीला आला आणि नेमकी निर्यातबंदी लागली, खूप तोटा झाला. तेव्हापासून तो आधी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींची भाषणं ऐकायला लागला, मग अमेरिकेतल्या लिबर्टेरियन (सरकार कमीत कमी हवं म्हणणाऱ्या) लोकांचे व्हिडिओ. टॅक्स म्हणजे चोरी, सरकार म्हणजे दरोडेखोर, इथपर्यंत ठीक होतं. आता म्हणतो चंद्रावर कोणी गेलंच नाही, जगातल्या बँका दहाबारा घराणी चालवतात आणि लसी लोकसंख्या कमी करायला आहेत. मी रात्री दोन दोन वाजेपर्यंत फोनवर वाद घालते आणि प्रत्येक वेळी हरते. दिवाळीत बाबा (झेडपीचे रिटायर्ड शिक्षक) त्याला सगळ्यांसमोर अडाणी म्हणाले, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. आता बाबांनी पण २०१६ ला दोन हजारच्या नोटेत चिप आहे असं गावभर सांगितलं होतं, पण ते सोडा. भावाची मुलगी ११ महिन्यांची आहे, साडेतीन महिन्यांपर्यंतचे डोस झालेत, नवव्या महिन्याचा गोवराचा डोस त्याने अडवून ठेवलाय. भावजय गप्प असते. याच्याशी वाद जिंकायचा तरी कसा?
– निफाडची माहेरवाशीण"

अगं माहेरवाशिणी,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं भावाचं डोकं फिरलंय, दुसऱ्यांदा वाटलं की तू तीन वेगवेगळी भांडणं एकाच पातेल्यात शिजत घातलीयेस आणि मग करपल्याचा वास कुठून येतोय ते शोधत बसलीयेस. सरकार किती असावं हे एक भांडण, जग कोण चालवतं हे दुसरं आणि लेकराची लस हे तिसरं. तिसऱ्याला घाई आहे. पण त्याच्यासाठी आधीची दोन सोडवायला लागतील म्हणून थोडं लांबण लावते.

तुला राग येईल, पण राजकारणाचं तो जे बोलतो त्यातलं निम्मं मला पटतं. आठव काय झालं होतं. ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, ८ डिसेंबरला सरळ निर्यातच बंद, ती मे २०२४ मधे उठली आणि उठली तरी शुल्क आणि टनाला ५५० डॉलरची किमान किंमत मानगुटीवर होतीच. आता लाल कांदा काय उन्हाळ कांद्यासारखा चाळीत भरून ठेवता येतो का? तो काढला की विकायचाच, नाहीतर सडतो. म्हणजे ज्या महिन्यात शेतकऱ्याला थांबायची सोयच नाही त्याच महिन्यात दार बंद. या माणसाने सरकारवर चिडायचं नाही तर कुणावर चिडायचं? तू पुण्यात त्या वेळी स्वस्त कांदा घेतला असशील, मी पण घेतला, आणि आपण दोघींनी त्याबद्दल त्याला एकदाही सॉरी म्हटलेलं नाही.

पण बघ, हा कट नव्हता. कुणी अंधाऱ्या खोलीत बसून केला नाही, रीतसर नोटिफिकेशन काढून केला, कारण शहरात कांदा महागला की मतं जातात हे प्रत्येक पक्षाला माहितीये. सगळं उघड्यावर झालं. मला तरी कुठल्याही गुप्त मंडळापेक्षा हे जास्त भयंकर वाटतं, आणि तुझा भाऊ नेमकं हेच विसरलाय.

शरद जोशी हे विसरले नव्हते. स्वित्झर्लंडमधे बर्नला जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून माणूस चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसला, स्वतः शेती करून तोटा मांडला आणि १९८० च्या कांदा आंदोलनात हजारो लोक रस्त्यावर आणले. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा तुझ्या बाबांना पण पाठ असेल. ते सरकारला शिव्या घालायचे त्या हिशोब मांडून घालायचे, उत्पादन खर्च किती, भाव किती, कुठला कायदा आडवा आला, १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा काय करतो. पटो न पटो, तपासता येत होतं. २०१० मधे राज्यसभेत महिला आरक्षणाचं बिल १८६ विरुद्ध १ नी पास झालं, तो एक म्हणजे शरद जोशी! मला तेव्हा इतका संताप आला होता की सांगायची सोय नाही, आजही मला त्यांचं ते मत पटत नाही. पण सगळं सभागृह एका बाजूला असताना माणूस उभा राहिला, कारण सांगितलं आणि नावानिशी मत दिलं. अशा माणसाशी भांडायला मजा येते गं.

तर भावाशी या विषयावर जरूर भांड, पण त्याच्या बांधावर जाऊन भांड. अमेरिकेतला टॅक्स राहू दे बाजूला. त्याला विचार, पालखेडच्या कालव्याचं आवर्तन कुणाच्या पैशाने बांधलेल्या धरणातून येतं, आणि सरकार नको तर ते पाणी वरच्या गावानं अडवलं की काय करायचं? शेजाऱ्याने पाचशे फूट बोअर मारून त्याची विहीर आटवली तर ते शेजाऱ्याचं स्वातंत्र्य का? हिवरे बाजारचं उदाहरण दे, तिथे शेतीला बोअर घ्यायची बंदी आहे आणि गाव पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतं. तो म्हणेल ते गावाने आपखुशीने ठरवलं, मुंबईच्या मंत्रालयाने नाही. बरोबर म्हणेल! मग तू विचार, गावातल्या एकाला ते मान्य नसेल तर? इथे तो थांबून विचार करेल, तू पण करशील, आणि रात्रीचे दोन वाजायच्या आत दोघांना झोप येईल.

आता दुसरं भांडण. तो ज्या लोकांचे व्हिडिओ बघतो ना, त्यांचा एक मोठा गुरू म्हणजे हायेक, १९७४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला. त्याचा सगळा मुद्दा काय, तर कुठल्या गावात काय पिकलं, कुणाला काय हवंय, कुणाकडे किती शिल्लक आहे ही माहिती लाखो लोकांच्या डोक्यात विखुरलेली असते, ती एका टेबलावर गोळा करणं कुणालाच शक्य नाही, म्हणून वरून बसून अख्खा बाजार चालवायला जाल तर तोंडावर पडाल. त्याचाच मित्र कार्ल पॉपर, तत्त्वज्ञ. तो म्हणायचा समाजात जे घडतं त्यातलं बरंचसं कुणी ठरवून केलेलं नसतं, घर घ्यायला निघालेल्या माणसाला काही घरं महाग करायची नसतात, पण गिऱ्हाईक वाढलं की भाव चढतोच. तुमच्याकडे जमिनीचं बघ ना, तसंच.

म्हणजे भावाची स्वतःची विचारसरणी सांगते की वरून कुणीच नीट चालवू शकत नाही. दिल्लीत एवढे सेक्रेटरी, एवढे कॉम्प्युटर, आणि त्यांना चार महिने कांद्याचा भाव सांभाळता आला नाही. मग दहाबारा घराण्यांना सगळ्या जगातल्या बँका, सरकारं, डॉक्टर आणि अंतराळवीर शंभर शंभर वर्षं एक पण चूक न करता सांभाळता येतात, हे कसं काय? सरकार एवढं बिनडोक आणि तेच सरकार एवढं हुशार, दोन्ही एकदम कसं असेल? हे त्याला विचार, पण पकडलं पकडलं करून नको, खरंच उत्तर हवंय असं विचार. शेवटी तो इंजिनियर आहे, कधीतरी रात्री मोटर चालू करायला गेला की आपोआप डोक्यात येईल.

आणि हो, खरे कट असतात हे आधी मान्य कर. तू बहुतेक सगळंच थोतांड म्हणतेस आणि तिथेच फसतेस, कारण मग तो एक खरा काढून दाखवतो आणि तू खलास. १९१० ला अमेरिकेत एक सिनेटर आणि काही बडे बँकर बदकांच्या शिकारीला जातो सांगून जेकिल बेटावर गुपचूप जमले आणि मध्यवर्ती बँकेचा आराखडा करून आले, खरी गोष्ट आहे. पण तो आराखडा जसाच्या तसा पास झाला नाही, १९१३ च्या कायद्यात बदलूनच आला, आणि १९३५ ला त्यातल्याच एका बँकरने मासिकात लेख लिहून सगळं सांगून टाकलं. दुसरं, लसीचंच. २०११ ला लादेनला शोधायला सीआयएने पाकिस्तानात अबोटाबादला कावीळ ब च्या लसीची खोटी मोहीम काढली होती. मे महिन्यात लादेन मेला, जुलैत पेपरात बातमी. एका गावातली, हातावर मोजण्याइतक्या माणसांना माहिती असलेली गोष्ट लादेन मेल्यावर तीन महिने पण टिकली नाही! आणि नंतर तिथल्या पोलिओचे डोस देणाऱ्या बायकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात ही शंका पण एक कारण होती. म्हणून लसीवर शंका घेणाऱ्याला मी सरसकट मूर्ख म्हणत नाही. खरे कट छोटे असतात, एका कामापुरते असतात आणि कुणाच्या तरी तोंडून नाहीतर कागदातून फुटतात.

तू हरतेस का ते सांगू? गल्लीत ज्या पोराची बॅट असायची तो कधी आउट व्हायचा का? तसंय हे. तू म्हणालीस की आपल्या चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरने अपोलो ११ उतरलं त्या जागेचा फोटो काढलाय, तर तो म्हणणार इस्रो पण सामील. पुरावा नाही म्हणजे लपवला, पुरावा आहे म्हणजे बनवला. इथे तू कितीही अभ्यास करून गेलीस तरी बॅट त्याचीच. म्हणून चंद्र सोडून दे, खरंच सोड, चंद्रावर कुणी गेलं नाही असं त्याला वाटल्याने कुणाच्या घरचं काही जात नाही.

आणि तो तिथे का जाऊन बसलाय तेही बघ. ज्याचा कांदा गेला, ज्याने नोकरी सोडली तेव्हा सगळे म्हणाले होते शेतीत काही नाही, त्याला "मी चुकलो" किंवा "नशीब" यापेक्षा "मला कुणीतरी ठरवून पाडलं" हे ऐकायला बरं वाटतं. शिवाय त्या व्हिडिओंमधे तो तोट्यातला शेतकरी नसतो, सगळं कळलेला माणूस असतो. घरात त्याला हा मान कोण देतंय? बाबांनी तर चारचौघांत अडाणी केलं.

एक उपाय करून बघ, माझ्या एका नातेवाईकावर चालला होता. त्याने काही भाकीत केलं, डॉलर बुडणार, अमुक महिन्यात लॉकडाऊन लागणार, की म्हणायचं लिही बाबा कालनिर्णयच्या मागे, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी, तारीख टाकून. वाद नाही, काही नाही. महिने उलटले की पान तोच उलटतो. माझ्या नातेवाईकाने तिसऱ्या भाकितानंतर लिहायचं बंद केलं, बोलायचं मात्र नाही केलं, पण आवाज खाली आला.

आता लस. हा विषय वादात आणूच नकोस. गोवर हा मजेचा आजार नाही, २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे साथ आली तेव्हा लहान लेकरं गेली, त्यात लस न घेतलेली बरीच होती. भावजयीला आजच फोन कर, आणि आधी तिला काय वाटतं ते विचार, कारण तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात तिचं एकच वाक्य आहे, "गप्प असते". आईने बाळाला डोस द्यायला न्यायला नवऱ्याची सही लागत नाही. पण चोरून नको हं! चोरून केलंत आणि त्याला कळलं तर घरातच कट झाला, मग त्याला आयुष्यभर पुरेल. तिने सरळ सांगायचं, मी या तारखेला घेऊन जाणारे, तू आलास तर बरं, नाहीतर ताई येणारे. मग तू सुट्टी टाकून खरंच जा. सरकारी केंद्र नको म्हणाला तर हट्ट करू नका, तो ज्या डॉक्टरकडे स्वतःचा ताप घेऊन जातो त्यांच्याकडे जा, तिथे त्याचे प्रश्न त्याला विचारू दे, तू मधे बोलू नकोस. तरी अडवलं तर भावजयीने जायचं आणि तू तिच्या बाजूने उभं राहायचं, इथे भावाची बाजू घ्यायची नाही.

राहिले बाबा. तू म्हणालीस ते सोडा, पण मी नाही सोडणार. नोटेतली चिप! टीव्हीवर पण दाखवली होती की तेव्हा, जमिनीत पुरली तरी सॅटेलाइटला कळणार म्हणे. मी तरी कुठली शहाणी, १९९५ ला गणपती दूध पितोय म्हटल्यावर वाटी चमचा घेऊन दीड तास लाईनीत उभी होते आणि माझ्या चमच्यातलं दूध संपलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आजही शपथेवर सांगेन. बाबांना ही माझी गोष्ट वाचून दाखव. ते हसले की हळूच चिपचं विचार. चिडले तर चिडू देत, झेडपीचे मास्तर आहेत, चूक दाखवली की आधी चिडणार, मग वहीत बघणार.

माफी बिफी मागायला लावू नकोस, ते जमणार नाही त्यांना. फक्त संध्याकाळी लिलाव आटपल्यावर भावाला एक फोन करायला सांग, आणि विचारायला सांग की आज काय रेट निघाला.

– मावशी