वाचकांचे प्रश्न : जावास्क्रिप्ट खरोखर ओळीओळीने चालते का?

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मला वेब डेव्हलपर व्हायचे आहे. कंपायलर संपूर्ण प्रोग्रॅमचे एकदम भाषांतर करतो, इंटरप्रिटर एकेक ओळ वाचून चालवतो, अशी व्याख्या आम्हाला शिकवली आहे. जावास्क्रिप्ट इंटरप्रिटरवर चालत असेल, तर मी कंपायलरचा विषय मनापासून का शिकावा?
– एक विद्यार्थिनी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ही व्याख्या ब्राउझरमध्ये टिकत नाही, आणि ते तुम्हाला घरीच पडताळता येईल. दहा ओळींची फाइल घ्या, पहिल्या ओळीत कन्सोलवर (ब्राउझरच्या संदेश दाखवणाऱ्या खिडकीत) एखादा शब्द छापा आणि दहाव्या ओळीतला एक कंस मुद्दाम उघडा ठेवा. फाइल ओळीओळीने चालत असती, तर तो शब्द दिसला असता. प्रत्यक्षात काहीच छापले जात नाही, कारण चालवण्यापूर्वी इंजिन, म्हणजे ब्राउझरमधला जावास्क्रिप्ट चालवणारा भाग, संपूर्ण फाइलचे व्याकरण तपासते. आता कंस बंद करून त्याच ओळीत कुठेही घोषित न केलेले नाव वापरा. या वेळी शब्द छापला जाईल आणि मगच रेफरन्स एरर, म्हणजे असे नावच सापडत नाही ही चूक, येईल. पान कोरे दिसले की चूक व्याकरणाची की चालतानाची, हे ओळखणे रोजच्या कामाचे आहे.

२००८ साली क्रोमबरोबर आलेले व्ही८ इंजिन आरंभी थेट मशीन कोडच, म्हणजे प्रोसेसरला थेट समजणाऱ्या सूचनाच, तयार करत असे. आता इग्निशन हा त्याचा इंटरप्रिटर बाइटकोड (मूळ कोड आणि मशीन कोड यांच्या मधले रूप) चालवतो, आणि एखादे फंक्शन वारंवार वापरले जाऊ लागले की टर्बोफॅन हा कंपायलर, आतापर्यंत आलेल्या माहितीचा प्रकार पुढेही तोच राहील असे गृहीत धरून, त्याचा वेगवान मशीन कोड बनवतो.

हे गृहीतक मोडते कसे ते पाहा. संत्र्यांच्या बिलात ४० रुपये किंमत आणि १० रुपये घरपोच खर्च मिळवणारे फंक्शन आहे. किंमत इनपुट बॉक्समधून तशीच घेतली, तर ती संख्या नसून मजकूर असते, आणि बेरीज ५० ऐवजी ४०१० होते. शिवाय आजवर संख्याच पाहिलेल्या त्या फंक्शनचा वेगवान कोड इंजिनला टाकून द्यावा लागतो. बिल चुकते ही अर्थातच अधिक गंभीर बाब आहे.

मायक्रोसॉफ्टने २०१२ साली आणलेल्या टाइपस्क्रिप्टचा (जावास्क्रिप्टमध्ये माहितीचे प्रकार लिहिण्याची सोय देणाऱ्या भाषेचा) कंपायलर ही गल्लत कोड लिहितानाच दाखवतो. मात्र त्यातले प्रकार जावास्क्रिप्ट तयार होताना पुसले जातात, त्यामुळे सर्व्हरकडून आलेली किंमत खरोखर संख्या आहे का, ही तपासणी तुम्हालाच कोडमध्ये लिहावी लागते.