खिम्यात सॉस कधी घालायचा?

आलं-लसूण आणि सोया सॉस घालून परतलेला खिमा, बाजूला वाफाळता भात. अर्ध्या तासात होणाऱ्या या जेवणाविषयी या वेळी बरीच पत्रं आली. पूर्व आणि आग्नेय आशियातल्या घरांमधला हा रोजचा स्वयंपाक माझ्या फार आवडीचा आहे, म्हणून या अंकातली सगळी जागा त्यालाच देते. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण बऱ्याच पत्रांतल्या तक्रारीचं मूळ तिथेच सापडतं.

ताई, कामावरून आल्यावर झटपट होतो म्हणून मी सोया सॉस घालून खिमा करते. पण दर वेळी त्याला पाणी सुटतं आणि तो करडा, उकडल्यासारखा होतो. सॉस वाढवला तर नुसताच खारट लागतो. खमंगपणा कसा आणायचा?

तुमचा सॉस कमी पडत नाही, तो फार लवकर पडतोय.

कमी चरबीच्या मांसात साधारण 75 टक्के पाणीच असतं. यंत्रातून काढताना मांसाचे तंतू तुटतात, त्यामुळे अख्ख्या तुकड्यांपेक्षा खिमा हे पाणी लवकर सोडतो. कढईत पाणी साचलेलं असेल तोवर खिम्याचं तापमान 100 अंश सेल्सियसच्या आसपासच अडकून राहतं. मांसाला तांबूस रंग आणि भाजल्याचा वास मात्र साधारण 140 अंशांच्या पुढे भराभर येतो. प्रथिनं आणि साखर यांच्यात होणारी ही क्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मेयार यांनी 1912 मध्ये मांडली, आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सोया सॉस हेही बरंचसं पाणीच. आधीच सुटलेल्या पाण्यात तुम्ही तो ओतलात की खिमा त्यात शिजतो, परतला जात नाही. मग चव येत नाही म्हणून आणखी सॉस, आणि त्याबरोबर आणखी मीठ.

म्हणून क्रम बदला. आधी पाणी आटू द्या, मग रंग येऊ द्या, मग लसूण, आणि सॉस अगदी शेवटी.

500 ग्रॅम खिमा कागदी रुमालाने वरवर टिपून घ्या. रुंद, जाड बुडाचं भांडं मोठ्या आचेवर चांगलं तापवा, एक मोठा चमचा तेल घाला आणि खिमा एका थरात पसरून उलथन्याने दाबा. भांडं लहान असेल तर अर्धा-अर्धा करून दोनदा परता, दाटीवाटीत त्याला रंग येणार नाही. आता तीन मिनिटं त्याला हात लावू नका. ढवळायला हात शिवशिवतात हे मला कळतं, पण सगळा खमंगपणा याच तीन मिनिटांत येतो. खालची बाजू तपकिरी झाली की उलटा आणि मोडा.

पुढचं काम कानाने करायचं. खिमा पडतो तेव्हा चर्र आवाज येतो. पाणी सुटलं की तोच आवाज रटरट होतो. पाणी आटलं की पुन्हा कोरडी चरचर ऐकू येते. ती ऐकू येईपर्यंत सॉसच्या बाटलीला हात लावायचा नाही.

मग खिमा कडेला सारा, मधे थोडं तेल घालून त्यात बारीक चिरलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं आणि मिरची अर्धा मिनिट परता. लसूण सुरुवातीलाच घातला तर खिमा तांबूस होईतो तो करपून कडू होतो. सॉस आधीच एका वाटीत कालवून ठेवलेला हवा: दोन मोठे चमचे सोया सॉस, एक छोटा चमचा साखर, एक छोटा चमचा तांदळाचं व्हिनेगर, आणि तीन मोठे चमचे पाण्यात कालवलेला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर. कॉर्नफ्लोअर तळाला बसतो, तेव्हा ओतण्याआधी पुन्हा ढवळा. एक उकळी आली की सॉस खिम्याच्या कणाकणाला चकचकीत लागून बसतो आणि तळाला चिकटलेलं तपकिरीही सुटून त्यात मिसळतं. ते मुळीच टाकू नका, खरी चव त्यात आहे. आच बंद करून एक छोटा चमचा भाजक्या तिळाचं तेल आणि पातीचा कांदा घाला. हे तेल परतायला वापरायचं नाही, त्याचा वास आचेवर उडून जातो.

गाईम्हशीचा किंवा डुकराचा खिमा असेल तर आणखी एक युक्ती आहे. पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा चमचाभर पाण्यात विरघळवून 500 ग्रॅम खिम्याला चोळा आणि पंधरा मिनिटं ठेवा. सोड्यामुळे मांस किंचित अल्कधर्मी होतं, त्यातली प्रथिनं आवळून येत नाहीत, पाणी आतच धरलं जातं आणि रंगही लवकर चढतो. प्रमाण वाढवू नका, साबणासारखी चव येते. कोंबडीच्या खिम्याला मी सोडा लावत नाही. त्यात चरबी कमी असल्यामुळे तो फार परतला की भुसभुशीत होतो. त्याची एकच बाजू तांबूस करा आणि मोडल्यावर शिजेल एवढाच आचेवर ठेवा.

प्रत्येक कृतीत पाच-सहा बाटल्या लागतात. सगळ्या घ्यायलाच हव्यात का?

नाही. दोन घ्या: सोया सॉस आणि भाजक्या तिळाचं तेल. सोया सॉसच्या घटकांत सोयाबीन, गहू, पाणी आणि मीठ एवढंच असलं तर तो बहुधा आंबवून केलेला असतो, आणि त्याची चव खोल असते. 'लाइट' असं लिहिलेला चिनी सॉस पातळ आणि जास्त खारट असतो, चवीला तोच लागतो. 'डार्क' दाट असतो, तो मुख्यतः रंगासाठी, अर्धा चमचा पुरे. तिळाचं तेल गडद तपकिरी हवं. फिकट तेल कच्च्या तिळाचं असतं, त्याला हा वास नाही.

तिसरी बाटली तुम्हाला कुठल्या देशाच्या चवीकडे जायचं आहे त्यावर ठरवा. थायलंड किंवा व्हिएतनामसाठी फिश सॉस, कोरियासाठी गोचुजांग ही मिरचीची आंबवलेली गोडसर लगदी, चीनच्या सिचुआन प्रांतासाठी दोउबानजियांग, म्हणजे मिरची आणि बाकल्याच्या शेंगांचे दाणे आंबवून केलेली. तिन्ही एकाच वेळी उघडू नका. एक संपेपर्यंत तिच्यावरच हात बसवा, म्हणजे ती कुठे किती घालायची ते नीट कळतं. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. आंबवताना प्रथिनं तुटून ग्लुटामेट, म्हणजे पदार्थाला भरीव चव देणारं द्रव्य, मोकळं होतं. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी 1908 मध्ये कोंबू या समुद्री वनस्पतीच्या रसातून तेच वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. खिम्यातला साधा सोया सॉसही म्हणूनच एवढा भरीव लागतो.

सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण 900 मिलिग्रॅम सोडियम असतं. खिम्यात वेगळं मीठ मी घालत नाही, तुम्हीही घालू नका.

थाई पद्धतीच्या खिम्यात तुळस घालतात असं ऐकलं. आपली तुळस चालेल का, की बेसिल घ्यावं?

तुम्ही म्हणता तो पदार्थ पाड क्रपाओ. क्रपाओ ही तुळसच आहे, वनस्पतीशास्त्रात दोन्हींची जात एकच: ऑसिमम टेन्युइफ्लोरम. थाई वाणाला लवंग-मिऱ्यांसारखा तिखटपणा असतो, आणि वाणावाणात वास पुष्कळ बदलतो, तेव्हा आधी एक पान चुरडून हुंगा. तिखट वास आला तर निःशंक वापरा. थाई लोक ज्याला होरापा म्हणतात ते गोडसर, बडीशेपेच्या वासाचं बेसिल वेगळं. ते घातलंत तरी जेवण छान होईल, पण हा पदार्थ तो राहणार नाही.

लसूण आणि मिरच्या एकत्र खलबत्त्यात ठेचा, चिरू नका. ठेचल्यावर त्यांचा रस तेलात उतरतो. यात खिमा आणि लसूण एकाच वेळी पडत नाहीत: वर सांगितल्याप्रमाणे खिमा कोरडा करून घ्या, मग त्यात ठेचलेले लसूण-मिरची, मग एक मोठा चमचा फिश सॉस, एक मोठा चमचा ऑयस्टर सॉस (कालवांपासून केलेला) आणि चिमूट साखर घाला. आच बंद केल्यावर मूठभर पानं घालून दोनदा परता, एवढ्यात ती कोमेजतात. भातावर खिमा आणि त्यावर भरपूर तेलात फुगवलेलं अंडं. कडा कुरकुरीत आणि पिवळा बलक ओघळता हवा. त्या बलकाने खिम्याचा तिखटपणा खाली बसतो. अंडं वगळू नका असं मी मनापासून सांगेन.

मुलांना तिखट चालत नाही. त्यांच्यासाठी काही?

जपानी सोबोरो करा. इथे माझा पहिला नियम बाजूला ठेवायचा, कारण यात खिमा तांबूस करायचाच नसतो. 300 ग्रॅम कोंबडीचा खिमा थंड भांड्यातच घ्या. त्यात दोन मोठे चमचे सोया सॉस, दोन मोठे चमचे मिरिन (स्वयंपाकातली गोड जपानी तांदळाची दारू), एक मोठा चमचा साखर आणि किसलेल्या आल्याचा रस घालून आधी नीट कालवा, मग मध्यम आच लावा. मिरिन नसेल तर तेवढंच पाणी घ्या आणि साखर अर्धा चमचा वाढवा. तीन-चार चॉपस्टिक एकत्र मुठीत धरून सतत ढवळत राहा, म्हणजे खिम्याचे रव्यासारखे बारीक कण होतात. रस जवळजवळ आटला की उतरवा, थोडा ओलावा राहिला पाहिजे. भातावर एका बाजूला हा खिमा, दुसऱ्या बाजूला किंचित गोड भुर्जी आणि मधे उकडलेल्या फरसबीचे काप. तीन रंगांचं हे ताट मुलांना बघताक्षणी आवडतं.

लाओस आणि ईशान्य थायलंडमधला लाब हाही असाच, थोड्या पाण्यात तेलाशिवाय शिजवतात. पण त्यात लिंबाचा रस, फिश सॉस, पुदिना, कच्चा छोटा कांदा आणि भरपूर मिरची असते, म्हणून तो मोठ्यांसाठी. त्यावर कोरडे तांदूळ सोनेरी भाजून केलेली भरड भुरभुरायला विसरू नका. ती नसेल तर लाब अपुरा लागतो.

घरात दोघं मांस खातात, दोघं खात नाहीत. एकाच कृतीत जमेल का?

एकाच भांड्यात नाही, पण एकाच सॉसमध्ये जमेल. घट्ट तोफू हाताने कुस्करून, पाणी पिळून, पहिल्या कृतीप्रमाणेच परता. मशरूम बारीक चिरूनही तसंच होतं, फक्त त्यांना पाणी फार सुटतं, धीर धरा. ऑयस्टर आणि फिश सॉस मात्र त्या भांड्यात जाता कामा नयेत.

खिमा धुवावा का? आणि फ्रीजमध्ये किती दिवस टिकतो?

धुऊ नका. धुण्याने जंतू जात नाहीत, ते शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात, आणि खिमा पाणी धरतो ते वेगळंच. अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळले जातात, म्हणून खिमा मधे कच्चा ठेवून चालत नाही. कोंबडीचा 74 अंश आणि बाकीचा 71 अंश सेल्सियसपर्यंत शिजायला हवा. नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नका, काही वेळा खिमा पुरेसा शिजण्याआधीच तपकिरी दिसतो.

कच्चा खिमा 4 अंशांच्या खाली ठेवला तर एक-दोन दिवस. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर आणल्या दिवशीच गोठवा. पिशवीत भरून लाटण्याने बोटभरापेक्षाही पातळ, चपटा करा आणि आडवा ठेवा. गोळा करून गोठवलेला खिमा बाहेरून सुटतो तेव्हा आत दगडच असतो. चपटी पिशवी सकाळी फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये ठेवली तर संध्याकाळपर्यंत सुटलेली असते. विसरलात तर बंद पिशवी थंड पाण्यात बुडवा, आणि सुटल्यावर लगेच शिजवा. कापल्यासारखे चौकोन हवे असतील तर गोठवण्याआधी पिशवीवर काठीने उभ्या-आडव्या रेघा दाबा, म्हणजे एकट्यापुरता तुकडा मोडून घेता येतो.