फॉल्स सीलिंगच्या वरून 25 स्क्वेअर एमएमची आर्मर्ड केबल नेली तर चालते का? (बेळगाव, दुकान)

चालते, पण ही आर्मर्ड (वरून लोखंडी कवच असलेली) केबल सीलिंगच्या चॅनेलवर किंवा जिप्सम बोर्डवर ठेवू नका, तिचं वजन स्लॅबनंच घेतलं पाहिजे. मी इकडे बेळगावात वायरिंगचीच कामं करतो म्हणून सांगतो, चार कोरची (आत चार तारा असलेली) 25 स्क्वेअर एमएमची अ‍ॅल्युमिनियम आर्मर्ड केबल मीटरला साधारण किलोभर भरते आणि सीलिंगची फ्रेम फक्त बोर्ड आणि लाइटपुरती असते, त्यात केबल टाकली की जोड सैल होतात आणि बोर्डाला चीर जाते. स्लॅबला अँकर फास्टनर (स्लॅबमध्ये घट्ट बसणारे बोल्ट) मारून थ्रेडेड रॉड सोडा, त्यावर केबल ट्रे, आणि हे रॉड सीलिंगच्या रॉडपासून वेगळेच पाहिजेत, सीलिंगवाला कितीही म्हणू दे की एकातच होतंय.

- वळण केबलच्या जाडीच्या 12 पट तरी मोठं ठेवा
- वर जॉइंट नको, एकच अखंड तुकडा घ्या
- ग्लँड (केबलचं टोक पेटीला घट्ट धरणारा तुकडा) दोन्ही टोकांना, आर्मरला म्हणजे त्या कवचाला अर्थिंग

एक मात्र बघून घ्या, वर स्लॅब नसून पत्रा किंवा मंगळुरी कौलं असतील तर हे असंच लागू होत नाही. पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये भयंकर तापतं, त्यामुळं केबलची करंट घ्यायची ताकद कमी होते, शिवाय आपल्याकडच्या पावसात गळतीही असते. तिथं भिंतीच्या कडेनं ब्रॅकेटवर न्या आणि लोड काढून गरज पडली तर एक साइज वरची घ्या. मेन स्विच बंद केल्याशिवाय वर हात घालू नका, आणि मीटरकडचं काम लायसन्सवाल्याकडूनच करून घ्या, हेस्कॉमला (इथल्या वीज कंपनीला) कळवून.