ई टीव्ही मराठी गेलं कुठे?

प्रश्न : माझ्या सासूबाई अजून 'ई टीव्ही लाव गो' असंच म्हणतात आणि कलर्स मराठी लावलं की खूश होतात. मुलगा विचारतो, ई टीव्ही म्हणजे कोणाचं? ते विकलं कधी गेलं? नाव बदललं तेव्हाच ना?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : नाही ताई, नाव बदललं तेव्हा नाही. व्यवहार त्याच्या आधीच झाला होता. बहुतेकांची गल्लत इथेच होते.

मी मालवण तालुक्यात वीस वर्षं केबलचा धंदा केला. ई टीव्ही मराठी सुरू झालं जुलै २००० मध्ये, ऐन पावसात. तेव्हा एकेका चॅनेलला वेगळा रिसीव्हर लागायचा. त्यासाठी आणलेल्या नव्या रिसीव्हरवर चिकटपट्टी लावून मी निळ्या पेनाने 'ई टीव्ही' लिहिलं. गच्चीवरच्या डिशचे नटबोल्ट खाऱ्या वाऱ्याने गंजायचे, म्हणून दर महिन्याला ग्रीस घेऊन वर चढायचं. माडाची झावळ पडून तार तुटली, की संध्याकाळी सातनंतर फोन थांबायचा नाही.

हे चॅनेल मूळचं हैदराबादचं. रामोजी राव यांनी १९७४ मध्ये विशाखापट्टणमहून 'ईनाडू' हे तेलुगू दैनिक सुरू केलं. ई टीव्हीतला 'ई' तिथूनच आला. ईनाडूने जिल्ह्याजिल्ह्यांच्या बातम्यांना जागा देऊन गावोगावी वाचक मिळवला होता. १९९५ मध्ये तेलुगू चॅनेल आलं आणि मग तोच हिशेब धरून मराठी, कन्नड, बांगला अशी भावंडं उभी राहिली. मराठी बातम्याही हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतूनच दिल्या जायच्या. इकडची मराठी पोरं नोकरीला तिकडे गेली. कोकणात दरड कोसळल्याची बातमी सहाशे किलोमीटरवरून कोणी मराठी मुलगी वाचतेय, याचं मला फार अप्रूप वाटायचं. आपल्या भाषेवर एका तेलुगू माणसाने पैसा लावला, ही गोष्ट तुमच्या मुलाला जरूर सांगा.

आता विक्रीचं. जानेवारी २०१२ मध्ये टीव्ही १८ या माध्यम कंपनीने सुमारे २,१०० कोटींचा व्यवहार जाहीर केला. पैशाचं पाठबळ रिलायन्सचं होतं. टीव्ही १८ ला हिंदी-उर्दू बातम्यांची चॅनेलं पूर्ण मिळणार होती. मराठी, कन्नड, बांगला, गुजराती आणि ओडिया या मनोरंजन चॅनेलांतला निम्मा हिस्सा मिळणार होता. तेलुगूतला मात्र जेमतेम पाव. व्यवहार पुरा व्हायला २०१४ चा जानेवारी उजाडला. त्या अख्ख्या काळात पडद्यावर नाव ई टीव्हीच होतं, त्यामुळे घरात बसून पाहणाऱ्याला काही कळायचं कारणच नव्हतं. मार्च २०१५ मध्ये कलर्स मराठी झालं. हिंदीतलं कलर्स २००८ पासून होतं, ते व्हायकॉम १८ चं, म्हणजे टीव्ही १८ आणि अमेरिकेची व्हायकॉम यांच्या भागीदारीतलं. माझ्या रिसीव्हरवरची चिकटपट्टी मी बदलली नाही. फोनवर लोक 'ई टीव्ही दिसत नाय' असंच सांगायचे.

याच्या उलट उदाहरण अल्फा मराठीचं. ते १९९९ मध्ये आलं आणि पुढे झी मराठी झालं. नाव बदललं, पण मालक तोच राहिला. म्हणून पाटी बदलली एवढ्यावरून घर विकलं असं धरू नये, आणि पाटी तीच आहे म्हणून घर तसंच आहे असंही मानू नये. आपण महिन्याला पैसे मोजतो, तर ते कोणाकडे जातात हे आपल्याला ठाऊक असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हायकॉम १८ आणि डिस्नेचा भारतातला स्टारचा कारभार एकत्र येऊन जिओस्टार झालं. म्हणजे कलर्स मराठीची आणि स्टार प्रवाहची मूळ कंपनी, ज्या वर्षानुवर्षं एकमेकींशी झुंजत होत्या, त्या एकाच छपराखाली आल्या. वेंगुर्ल्याच्या घरात कोणी ते बोललं का? आमच्याकडे तर कोणी नाही.

रामोजी राव ८ जून २०२४ रोजी गेले. त्यांचं तेलुगू चॅनेल मात्र अजून ई टीव्ही याच नावाने चालू आहे. तुमच्या पॅकमध्ये तेलुगू चॅनेलं असतील तर एकदा सासूबाईंना लावून दाखवा.